सिनफिल्डचा शेवटचा सामना आणि माझं आडनाव

एक सल्ला आधीच देऊन टाकतो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. परदेशात कुठलंही तिकीट ऑनलाइन काढताना ‘काउंटरवर येऊन स्वतः घेईन’ असा पर्याय असेल तर डोळे मिटून तोच निवडा. कुरिअर नको. जास्तीचे पैसे भरून ‘खात्रीशीर’ कुरिअर तर मुळीच नको. मी भरले होते.

गोष्ट ऑक्टोबर २०१५ची, रग्बीपटू सिनफिल्डच्या शेवटच्या सामन्याच्या तिकिटांची. कंपनीने पाठवलं म्हणून मी आदल्या वर्षीपासून इंग्लंडात लीड्सला राहत होतो. हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. मलाही तेवढंच माहीत होतं: १९९२ साली सचिन यॉर्कशायरकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू, वगैरे. सप्टेंबर २०१४मध्ये भारताचा एकदिवसीय सामना तिथे होता, आपण ४१ धावांनी हरलो, तोही मी मैदानात बसून पाहिला. त्या सामन्यासाठी तिकिटांच्या एका संकेतस्थळावर मी घाईघाईत खातं उघडलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून तिथेच दुसरं मैदान आहे, रग्बी लीगचं. ते मला दाखवलं शेजारच्या म्हाताऱ्यांनी. सत्तरीचे, निवृत्त बसचालक. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझी जीभ काही वळेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पांनी मला साउथ स्टँडमध्ये नेऊन उभं केलं (तिथे तेव्हा उभ्यानेच सामना बघायचे) आणि म्हणाले, त्या १३ नंबरवर नजर ठेव.

१३ नंबर म्हणजे केव्हिन सिनफिल्ड. १९९७मध्ये सोळाव्या वर्षी लीड्स ऱ्हायनोजकडून पहिला सामना खेळला आणि पुढे क्लब सोडलाच नाही. २००३पासून कर्णधार. दिसायला शाळामास्तर. आरडाओरडा नाही, पंचांशी हुज्जत नाही. किक मारण्याआधी गुडघ्यांत वाकून असा काही उभा राहायचा की पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यावं. आणि मग चेंडू दोन खांबांच्या मधून. चॅलेंज कप नावाची त्यांची जुनी मानाची स्पर्धा आहे, तिच्या पाच अंतिम सामन्यांत हा कर्णधार म्हणून हरला. पाच! २०१४ला वेम्बलीवर एकदाचा कप मिळाला, तेव्हा आप्पांच्या दिवाणखान्यात मी टीव्हीसमोर होतो. आप्पा काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा टाकला, आणि चहा यायला बराच वेळ लागला.

रग्बी लीग आणि आपण ज्याला नुसतं रग्बी म्हणतो ते युनियन, हे दोन वेगळे खेळ, हे मला आप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लीगमध्ये तेरा खेळाडू, आणि चेंडू हातात असलेल्या संघाला सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याकडे जातो. कबड्डी बघणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांत कळतं. फाटाफूट झाली १८९५मध्ये. उत्तरेतले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत कामाला. शनिवारी खेळायला गेलं की तेवढी मजुरी बुडायची. ती भरून द्या म्हटलं तर खेळ चालवणारे साहेबलोक नाही म्हणाले. मग हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. गिरणगावात वाढलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

तर २०१५चा मोसम चालू असतानाच सिनफिल्डने जाहीर केलं की या वर्षानंतर आपलं रग्बी लीग खेळणं बंद. त्याच शहरातल्या युनियनच्या क्लबाकडे जातोय. ‘पलीकडच्यांकडे’, असं म्हणून आप्पांनी चेहरा वाकडा केला आणि तो विषय कायमचा संपवला.

मला मात्र तिथेच २०१३चा नोव्हेंबर आठवला. सचिनचा वानखेडेवरचा शेवटचा कसोटी सामना. मी ठाण्यात. तिकिटं ऑनलाइन निघाली, संकेतस्थळ बसलं, आणि मी दिवसभर फिरणारं चक्र बघत राहिलो. शेवटचं भाषण ऑफिसच्या कँटीनमध्ये, उभ्याने, कुणाच्या तरी खांद्यावरून ऐकलं. या वेळी असं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलं.

२ ऑक्टोबरच्या शुक्रवारी लीड्सने उपांत्य सामन्यात सेंट हेलन्सला २०-१३ हरवलं. ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, पुढच्याच शनिवारी, १० तारखेला, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, विगनशी. अंतिम सामन्याचे संघच जेमतेम आठवडाभर आधी ठरतात, म्हणून सगळी धावपळ त्याच आठवड्यात. शनिवारी सकाळी मी दोन तिकिटं काढली, एक माझं, एक आप्पांचं. पाच मिनिटांत काम झालं. इतकं सोपं गेलं तिथेच मला संशय यायला हवा होता.

मंगळवारी संध्याकाळी दारात कार्ड. ‘आम्ही येऊन गेलो, आपण घरी नव्हता.’ नव्हतोच, कामावर होतो. आप्पा पलीकडे बागेत गुलाब छाटत होते, पण ‘खात्रीशीर’ कुरिअर शेजाऱ्याच्या हातात देत नाहीत म्हणे. पाकीट डेपोतून घेऊन जा, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र आणा.

डेपो शहराबाहेर, दोन बस बदलून, गोदामांच्या रांगेत. बुधवारी ऑफिसातून लवकर निघून गेलो. काचेमागे एक बाई. आतून पाकीट घेऊन आली, मला काचेतून दिसत होतं, एक हात अंतरावर. पासपोर्ट दिला. तिने पाकिटाकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, पुन्हा पाकिटाकडे.

“हे तुमचं नाही, लव्ह.”

(यॉर्कशायरमध्ये सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. बसवालाही म्हणतो. नकार देतानासुद्धा म्हणतात, त्याने राग जास्त येतो.)

झालं होतं असं. आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्यांच्या अर्जात रकाने दोन. क्रिकेटच्या वेळी खातं उघडताना मी सवयीने स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात वडिलांचं, तिसरा रकाना येईल या भरवशावर. तो आलाच नाही. आणि वर्षभराने त्याच खात्यातून तिकिटं काढल्यावर पाकिटावर छापून आलं ते माझं नाव आणि आडनावाच्या जागी बाबा.

मी समजावलं. हे बघा, पासपोर्टात ‘दिलेली नावं’ या ओळीत दोन्ही नावं आहेत, पाकिटावरची. ती म्हणाली, हो, पण आडनाव वेगळं आहे. मी म्हणालो, पाकिटावर आडनाव नाहीच आहे. ती म्हणाली, आहे की, हे बघा. तिचं बोट बाबांच्या नावावर.

घरी येऊन तिकीटवाल्यांना फोन. चाळीस मिनिटं संगीत. मग एक मुलगा म्हणाला, पाकीट रवाना झाल्यावर नाव बदलता येत नाही, कुरिअरशी बोला. कुरिअरवाले म्हणाले, नाव बदलायचा अधिकार पाठवणाऱ्याचा, त्यांच्याशी बोला. दोघांचं संगीत एकच होतं, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

गुरुवारी पुन्हा डेपो. या वेळी मी फाइल घेऊन गेलो. आपल्याकडचा अनुभव असा की कागद जितके जास्त तितकं काम लवकर. कौन्सिल टॅक्सचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, व्हिसाचं कार्ड. सगळं काचेखालून सरकवलं. बाईने एकेक कागद शांतपणे वाचला आणि सगळे परत सरकवले. प्रत्येक कागदावर माझं खरं आडनाव ठसठशीत. मी जितके पुरावे आणले तितका मी ‘मी’ असल्याचं पक्कं झालं, आणि पाकिटावरचा माणूस माझ्यापासून तितकाच लांब गेला.

कार्डावर बारीक अक्षरात होतं की पाच दिवसांत नेलं नाही तर पाकीट परत जाईल. (हे बारीक अक्षर पहिल्याच दिवशी वाचा. मी गुरुवारी रात्री वाचलं.)

रोज संध्याकाळी आप्पा कुंपणापाशी उभे. विचारायचे नाहीत, नुसते भुवया वर करायचे. मी मान हलवायचो. त्यांनी एकदाही ‘राहू दे’ म्हटलं नाही, ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शुक्रवारी तिकीटवाल्यांची ईमेल आली: आपली विनंती नोंदवली आहे, २४ ते ४८ तासांत उत्तर मिळेल. सामना चोवीस तासांवर. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मराठीत बोललो ते इथे लिहीत नाही.

रात्री नाशिकला फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तिकीट माझ्या नावावर आहे तर!” त्यांना फार मजा वाटली. मला नाही वाटली.

शनिवारी डेपो सकाळी आठ ते बारा उघडा. साडेसातला मी दारात. तीच बाई असती तर मी काय केलं असतं माहीत नाही, पण त्या दिवशी तिचे साहेब होते. जाडजूड, हातात सँडविच. मी पुन्हा तेच सगळं सुरू केलं: तीन नावं, दोन रकाने. ते ऐकत होते की खात होते कळेना. बोलता बोलता ते माझा पासपोर्ट चाळत होते, रिकामी पानं, शिक्के, आणि थेट शेवटच्या पानावर पोचले.

आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तेव्हा वडिलांचं नाव असायचं. आईचं, पत्नीचं आणि गावाकडचा पत्ताही असायचा. मी आयुष्यभर तो पासपोर्ट सांभाळला, आणि हे पान मला चार दिवसांत एकदाही आठवलं नाही.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“माझे वडील.”

त्यांनी पाकीट शेजारी धरलं. अक्षर न् अक्षर जुळवलं. “म्हणजे तुम्ही स्वतःच्या पुढे वडिलांचं नाव लावता.” हो म्हटलं. “आणि त्यापुढे आणखी एक.” हो. त्यांनी सँडविच खाली ठेवलं, सही घेतली आणि पाकीट सरकवलं. “फुटबॉल?” दाराकडे जाताना त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तेवढ्यात १८९५ कुठे सांगत बसू?

तेव्हा आडनावाचं असं काही झालं आणि तुमच्या पासपोर्टात वडिलांचं नाव असलेलं ते पान असेल, तर आधी ते उघडून काचेला लावा. भारतीय पासपोर्टाचा हा उपयोग मला कुठल्या वकिलानेही सांगितला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. एक मात्र माहीत असू द्या, त्याच संध्याकाळी मँचेस्टरमध्येच युनियनच्या विश्वचषकात इंग्लंड–उरुग्वे सामना होता. इंग्लंड आदल्या शनिवारीच स्पर्धेबाहेर गेलेलं, तरी लोक निघालेलेच. त्यामुळे लीड्सहून सुटणाऱ्या गाडीत निळे-पिवळे आमचे, पांढरे त्यांचे, आणि पाय ठेवायला जागा नाही. सकाळची गाडी पकडा. आप्पा सबंध प्रवास पांढऱ्या शर्टवाल्यांकडे पाठ करून उभे होते.

ओल्ड ट्रॅफर्डवर ७३,५१२ माणसं होती. मध्यंतराला आम्ही १६-६ पुढे. मग विगनवाले उलटले आणि २०-१६ झालं, आमच्या भोवतीचे सगळे एकदम गप्प. चौसष्टाव्या मिनिटाच्या आसपास जॉश वॉल्टर्स हा आमचा कोवळा पोरगा ट्राय करून गेला (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, त्याचे चार गुण). २०-२०. ट्रायनंतर दोन गुणांची एक किक मिळते, ती सिनफिल्डची. तो तसाच वाकून उभा राहिला, त्या हसू येणाऱ्या पद्धतीने. हसलं कुणी नाही. आप्पांनी माझी बाही धरली होती, ते मला नंतर कळलं, शिवण उसवलेली पाहून. २२-२०. तोच शेवटपर्यंत टिकला. लीड्सला त्या वर्षी तिन्ही करंडक मिळाले.

शेवटी करंडक उचलायला तो एकटा गेला नाही. जेमी पीकॉक आणि कायली लेउलुआई यांचाही क्लबसाठी तो शेवटचाच सामना, तिघांनी मिळून उचलला. सातवी ग्रँड फायनल कर्णधार म्हणून जिंकणारा माणूस, आणि बाजूच्या दोघांच्या हातांना जागा करून देत होता. त्याच हातांनी पुढे २०२३च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरमधल्या रॉब बरोला, आपल्या जुन्या सोबत्याला, उचलून शेवटची रेषा ओलांडली. ते चित्र तुम्हीही बहुधा पाहिलं असेल. मी ते बघितलं तेव्हा पुण्यात होतो, आणि पहिली आठवण आली ती त्या बाजूला सरकण्याची.

हो, परतीचं राहिलं: सामना संपल्यावर ट्रामच्या रांगेत उभं राहू नका. शहराच्या मध्यभागी डीन्सगेटकडे चालत सुटा, पाऊण तासात पोचता. आप्पा सत्तरीचे असून चालले, आणि वाटेत पहिल्यांदाच ‘पलीकडच्यांकडे’ जाणाऱ्या सिनफिल्डबद्दल म्हणाले, “जाऊ दे त्याला. अठरा वर्षं आमचा होता.”

पुढच्या आठवड्यात मी आठवणीने त्या संकेतस्थळावर नाव दुरुस्त करायला गेलो. आडनाव बदलायचं असेल तर विवाहाचा दाखला जोडा, असं म्हणत होतं. खातं अजून बाबांच्या नावावरच आहे.