पाठकोरे

काल दुपारी एका लेखाची पहिली ओळ अकरा वेळा खोडली. खोडली म्हणजे काय, बटण दाबून मागे मागे नेली. स्क्रीन पुन्हा स्वच्छ, जणू मी चुकलोच नव्हतो. शेवटी उठलो आणि पाठकोरे कागद शोधायला लागलो.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात ते एका लोखंडी चिमट्यात असत. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कडा फाडून सपाट केलेली पाकिटं. अण्णांचा नियम होता : खर्डा पाठकोऱ्यावर, कोरा कागद फक्त पक्क्या प्रतीला. (माझ्या कोल्हापूरच्या मावशीला खर्डा म्हटलं की मिरच्याच आठवतात. कुटणं दोन्हीकडे आहेच म्हणा.) जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून नव्या वह्या यायच्या, पण निबंध आधी कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेमागे. मग अण्णा लाल पेन्सिल घेऊन बसत. 'अतिशय' दिसलं की काट. 'सुंदर' दिसलं की, "सुंदर म्हणजे कसं रे?" 'माझा आवडता ऋतू' असा अडीच पानांवरून नऊ ओळींवर यायचा आणि शाळेत मार्क जायचे. बाई ओळी मोजत असाव्यात.

स्वतःचं एक मात्र त्यांनी कधी सुधारलं नाही. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. अण्णा शेवटपर्यंत 'घरांत' आणि 'कांहीं' लिहीत राहिले. टिंबं काढली की अक्षर बोडकं दिसतं म्हणायचे. बाकी काटकसर, टिंबांची चैन.

मला अजूनही कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य सुचत नाही. मागे कुणाचं तरी 'आपले आगमन प्रार्थनीय' छापलेलं असलं, की हात मोकळा होतो. वाया जायचं ते आधीच वाया गेलेलं असतं.

चिमटा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. गंजून कागदांना चिकटला होता. सगळ्यात वर एका पत्रिकेमागे अण्णांचं अक्षर. आजी गेली तेव्हा काकांना धाडायच्या पत्राचा खर्डा.

'आई शेवटचे दोन दिवस दाराकडे पाहत होती.' खोडलं. 'तूं आला असतास तर' एवढंच, पुढे काही नाही. तेही खोडलं, दोनदा, कागद फाटेल इतकं. खाली न खोडलेली एकच ओळ : 'आईस फारसा त्रास झाला नाहीं.'

काकांकडे पक्की प्रत गेली. काका आता शहाऐंशीचे आहेत, इंदूरला असतात, दर रविवारी फोन करतात.

आज शनिवार. कागद टेबलावर आहे.