गळ टाकायच्या आधी काटा बघा

गगनबावडा रस्त्याच्या बाजूला पैसे भरून गळ टाकायचं एक खासगी तळं आहे. ‘रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, सगळं सोडलंय’ असं सांगून बोलावतात. असेलही. पण गांडूळ लावलंत तर दिवसभर तळहाताएवढ्या चिलापीच (तिलापिया मासे) काढत बसाल. ती तळ्यात एकदा शिरली की पिलं काढत सुटते आणि दुसऱ्या माशापर्यंत आमिष पोचूच देत नाही. शेंगपेंड आणि कणीक घट्ट मळून मोठा गोळा लावा.

आता पैशाचं. रॉडमागं 300 रुपये, एवढंच फोनवर सांगतात. लागलेला मासा परत सोडायचा नाही, किलोच्या भावानं विकतच घ्यायचा, हे तिथं गेल्यावर कळतं. भाव विचारला तर ‘बघू की जागेवर’. वजन करतात ते मासा क्रेटमध्ये टाकून, क्रेटसकट! माझा दीड किलोचा रोहू तीनच्या पुढं गेला. भांडल्यावर क्रेट वजा झाला, पण निम्म्या तळ्यानं तसेच पैसे मोजले होते. खिशात आपला स्प्रिंगकाटा ठेवा आणि भाव ठरल्याशिवाय रॉड उघडू नका.

काठ तर भयंकर. तळं म्हणजे शेततळंच, आत 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर शेवाळ. पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. खुंटाला दोर बांधून तो पाण्यात सोडा, मगच बसा. लहान पोरं नकोत. तीनतोंडी गळही नको. कागद फाटला तर भरपाई मागतात, आणि ते मात्र रास्त आहे.

पहाटे मासा वर येऊन तोंड उघडतो, ते बघून लोक हुरळतात. तो खात नसतो. रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन उतरलेला असतो, म्हणून धापा टाकत असतो. ऊन जरा चढू द्या. कटला वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी शिसं लावून तळ गाठण्यात अर्थ नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली हातभर दोरी पुरे. तळाला मृगळ आणि सायप्रिनस.

संध्याकाळ मजेत गेली. शेवटी सायप्रिनस असा लागला की रीळ किंचाळलं, मनगट अजून ठणकतंय. नाद खुळा! त्यामुळं पुन्हा जाणार, पण रविवारी नाही. भाकरी बांधून न्या. तिथला चहा 20 रुपयांना आहे आणि नुसतं साखरपाणी आहे.