नोंदवहीत खोडलेली ओळ

विजेच्या आणि यांत्रिक अनुनादकांमध्ये, म्हणजे ठरावीक वारंवारतेलाच कंप पावणाऱ्या रचनांमध्ये, अतिसंवाहक क्यूबिट (शून्य रोधाच्या धातूचे, क्वांटम संगणकाचे मूलभूत एकक असलेले सर्किट) दुभाष्या म्हणून बसवायचा, एवढेच आमच्या प्रयोगाचे सूत्र होते. परदेशात पीएच.डी. करताना माझ्या वाट्याला आलेल्या नमुन्यात ॲल्युमिनियमच्या पोकळीत (मायक्रोवेव्ह लहरी साठवणारा डबा, हाच विजेचा अनुनादक) क्यूबिटची चिप होती आणि तिच्यावर ४२० मायक्रॉन जाडीची सफायरची चिप उपडी बसवलेली होती. सफायरवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा एक ठिपका होता. हा पदार्थ पिझोइलेक्ट्रिक असल्याने क्यूबिटच्या विद्युतक्षेत्रामुळे तो ताणला-दाबला जातो आणि सफायरच्या स्फटिकाच्या जाडीत ध्वनिलहर उभी राहते; हाच यांत्रिक अनुनादक. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे क्लीलँड आणि मार्टिनिस यांच्या गटाने क्यूबिट आणि कंपन यांची अशी सांगड प्रथम घातली, तेव्हा ते कंपन जेमतेम ६ नॅनोसेकंद टिकले होते. सफायर आम्ही निवडले ते कंपन अधिक काळ टिकावे यासाठीच.

नमुना १० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड होण्यात दोन दिवस गेले. क्यूबिट उत्तेजित करायचा, त्याची वारंवारता किंचित सरकवायची, १ मायक्रोसेकंद थांबायचे आणि किती ऊर्जा उरली ते पोकळीद्वारे वाचायचे, असे मोजमाप सुरू केले. एका ठिकाणी आलेख खोल खचला. ऑक्साइडच्या थरातील दोष ऊर्जा गिळतात हा आमचा रोजचाच जाच असल्याने मी नोंदवहीत ‘दोष, नमुना बदलावा’ असे लिहून टाकले.

तरीही, बहुधा आळसापोटीच, मोजमाप रात्रभर चालू ठेवले. सकाळी आलेखात एकाऐवजी पाच खड्डे होते आणि प्रत्येक दोहोंतले अंतर सुमारे १३ मेगाहर्ट्झ होते. दोष असे मोजून-मापून बसत नाहीत. सफायरमधील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. त्याला जाडीच्या दुपटीने भागले, तर उत्तर तेच आले.

मग क्यूबिट एका खड्ड्यावर आणून थांबण्याचा काळ बदलत गेलो. ऊर्जा घटली, १ मायक्रोसेकंदाला जवळपास संपली आणि २ मायक्रोसेकंदांच्या सुमारास बरीचशी परत आली. ती हरवली नव्हती, स्फटिकात जाऊन आली होती. मी वहीतली ओळ खोडली.

दुपारी वरिष्ठ सहकाऱ्याने विचारले, की नेमका १ मायक्रोसेकंदच का निवडला? कारण काहीच नव्हते. आधीच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा होता आणि मी तो बदलला नव्हता.