प्लॉटच्या खालचा झरा

४ मे २०२५, रविवार

सकाळी साडेसहाला निघालो. डोणज्याचा फाटा मागे पडला, उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी दिसायला लागलं आणि समीर गाणं गुणगुणायला लागला. गेली दोन वर्षं आम्ही 'डोंगराजवळ राहायला जाऊ' म्हणतोय. दोघांचंही काम आता घरून होतं, सई सहावीत जाईल, कोथरूडच्या भाड्याच्या घराचा करार ऑगस्टमध्ये संपतोय. आत्ता नाही तर कधी?

प्लॉट पानशेतच्या फुगवट्यावर, उतारावर आहे. अकरा गुंठे. उभं राहिलं की खाली धरण, पलीकडे डोंगरांच्या तीन रांगा, एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. शेजारच्या जाळीत करवंदं पिकली होती. पाबे खिंडीतून तोरण्याच्या पायथ्याला तासाभरात पोचता येईल. मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्यांदा राजगड चढले. आई गेली त्या वर्षी चार वेळा एकटी गेले, पद्मावती माचीवर नुसती बसून परत आले. मला डोंगर हवाच आहे. त्यामुळे तिथे उभी राहिले तेव्हा मनातून घर बांधूनसुद्धा झालं होतं. ओटा कुठे आणि खिडकी कुठे, सगळं.

एजंट म्हणाला, "ताई, गेट आहे, सिक्युरिटी आहे, आणि सगळी आपलीच माणसं आहेत."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे चांगल्या घरातली हो."

प्लॉटच्या मागे डोंगर पोकलेननं उभा कापलाय, दोन पुरुष तरी उंच. वर वीतभर माती, तिच्यातून कारवीची मुळं केसांसारखी लोंबतायत. खाली तांबडा मुरूम आणि त्याच्या खाली काळा कातळ. मुरूम आणि कातळ जिथे मिळतात तिथे एक ओलसर रेघ होती. बोट लावलं तर ओलं झालं. मे महिना असूनही. डोंगरानं पावसाळ्यात पोटात घेतलेलं पाणी याच रेघेवरून सावकाश खाली सरकत असतं आणि कुठेतरी झरा होऊन बाहेर पडतं.

ते 'कुठेतरी' रस्त्याच्या खालच्या अंगाला सापडलं. सत्तरीच्या एक आजी दगडाच्या खळग्यातून वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. वाटी बुडेल इतकं पाणी साठायचं, त्या ती हंड्यात रिकामी करायच्या आणि परत थांबायच्या. मी जाऊन शेजारी बसले.

"वर तीन बोअर मारल्यात, तवापास्नं असंच," त्या म्हणाल्या. "आदी मे म्हयन्यात बी हंडा बुडायचा ह्यात."

मी धरणाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. "ते पुण्याचं हाय."

मग त्यांनी विचारलं, "तुमी घ्येताय व्हय प्लाट?"

"बघतोय."

"घ्या की. माज्या पोराला वाचमनचं काम मिळंल."

९ मे, शुक्रवार

आज कागद बघत बसलो. शेतजमीन घ्यायची तर कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. समीरच्या नावावर साताऱ्याकडे वडिलोपार्जित तुकडा आहे, त्यामुळे दाखल्याची अडचण नाही. पण इथला सातबारा सामाईक निघाला. एकाच उताऱ्यावर बरीच नावं, प्लॉटच्या हद्दी फक्त नकाशावर. एजंटला फोन केला तर म्हणाला, "सगळे असंच घेतात." मी वहीत एवढं लिहून ठेवलं आणि सोडून दिलं. खरं म्हणजे कागद स्वच्छ असते तरी मला झोप लागली नसती.

त्यानं आणखी एक गोष्ट अभिमानानं सांगितली होती. हे गाव पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या यादीत नाही, म्हणून बांधकामाला कटकट नाही. पश्चिम घाटाचा हा विषय मी बरीच वर्षं वाचतेय. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर केंद्र सरकार मसुद्यामागून मसुदे काढत आलंय. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडला दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सहा राज्यांतलं छपन्न हजारांहून जास्त चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. यादी गावागावानं केलेली असते. एक गाव आत, शेजारचं बाहेर. डोंगर एकच, झरा एकच. आपलं गाव यादीत नाही, हे मला विकायची गोष्ट म्हणून सांगितलं गेलं आणि क्षणभर मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवून आज दिवसभर अस्वस्थ आहे.

रात्री इर्शाळवाडी आठवली. इर्शाळगडावर जाताना वाटेत ठाकरांची ती वाडी लागायची. तिथे एका घरात आम्ही दहाजण जेवलो होतो. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. घरातल्या लहान मुलीनं माझी टोपी घालून बघितली होती. १९ जुलै २०२३ ला रात्री वरचा डोंगर त्या वाडीवर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ते घर उरलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

समीर म्हणाला, "तिथे कुणी प्लॉट पाडले नव्हते गं." खरं आहे. तिथे डोंगर आपणहून सुटला. माळीणला ३० जुलै २०१४ ला दीडशेच्या वर माणसं गेली तेव्हा मात्र उतारावर यंत्रानं जमीन सपाट केल्याची पुष्कळ चर्चा झाली. कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतील, पण पावसाळ्यात हे उतार किती नाजूक असतात ते मला माहीत आहे. माहीत असताना मी त्याचा पायथा कापलेला बघून खिडकी कुठे ठेवायची याचा विचार करत होते.

१ जून, रविवार

यंदा मान्सून मे महिन्यातच आला. २६ तारखेलाच पुण्यात दाखल. मी म्हटलं, या पावसानंतर एकदा बघून येऊ.

कापलेला डोंगर एका बाजूनं बसलाय. फार मोठी दरड नव्हे, दोन-तीन ट्रक माती असेल. पण ती रस्त्यावरून ओघळत थेट खळग्यात गेली होती. झऱ्याचं पाणी वाढलं होतं, आणि चहासारखं तांबडं होतं. आजी हंडा घेऊन दुसरीकडे निघाल्या होत्या. नेहमीची वाट सोडून लांबून, कारण मधल्या वाटेवर आता काटेरी तारेचं कुंपण आलंय. गुरांचीही तीच वाट होती, त्यांच्या देवाला जायचीही तीच.

मी त्यांच्याबरोबर चालत गेले. त्यांनी विचारलं, "मग घेतला का?"

"नाही घेणार, आजी."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "दुसरं कुनी घ्येईल."

हे वाक्य येताना गाडीत तिघांच्यामध्ये बसलं होतं. आम्ही नाही घेतला म्हणून बोअर थांबणार नाही आणि कुंपणही निघणार नाही. त्यांच्या मुलाला काम मिळायची एक शक्यता मात्र कमी झाली. सई म्हणाली, "मग आपण घेऊ आणि कुंपण काढू ना." समीर तिला समजावत होता की कुंपण एकट्या आपलं नसतं. मला तिला काहीच सांगता आलं नाही.

संध्याकाळी एजंटला कळवलं. टोकनचे पैसे परत देताना त्यानं 'खर्च' म्हणून पंधरा हजार कापले. भांडले नाही.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री बातमी आली. राजगड, शिवनेरी, लोहगड, रायगड धरून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच पुढच्या रविवारची राजगडावरची गर्दी दिसली. मी त्या गर्दीच्या बाहेरची नाही. नऊ वर्षांपूर्वी मी एका धबधब्याची सविस्तर वाट लिहिली होती, फोटोंसकट. तेव्हा तिथे आम्ही पाचजण होतो. आता शनिवारी तिथे गाड्या लावायला जागा नसते, आणि मागच्या वर्षी मी आणि सईनं कुंडातून तीन पोती बाटल्या काढल्या. ते वर्णन मी पुसलं, पण तोवर ते शंभर ठिकाणी गेलं होतं.

आज पानशेत फुटल्याची तारीख. १२ जुलै १९६१. माझी आजी नारायण पेठेत राहायची, पाणी वाड्यात कुठवर आलं ते हात उंच करून दाखवायची. लहानपणी पानशेत म्हणजे पुण्यावर आलेलं संकट एवढंच ऐकलं. धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल आमच्या घरात कुणी बोललेलं आठवत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाचं शाळेत वाचलं. १९२१, सेनापती बापट. तेव्हाही पाणी डोंगराचं, जमिनी मावळ्यांच्या आणि वीज मुंबईची. कोथरूडच्या माझ्या नळाला येणारं पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला याच साखळीतलं. झऱ्यावरच्या आजींच्या वाटीकडे बघताना मी हेच पाणी बाटलीत घेऊन उभी होते.

समीरचं म्हणणं, मग पुण्यातच राहू, रविवारी वेताळ टेकडीवर जाऊ. तीही वाट चुकीची नाही. पण दर शनिवारी शंभर किलोमीटर गाडी हाकून डोंगरावर जाणं, हे डोंगराला हलकं पडतं असं मला वाटत नाही. आणि मला तिथल्या लोकांबरोबर राहायचंय, नुसतं जाऊन यायचं नाही. आज बराच वेळ बोललो. शेवटी मी म्हटलं, जिथे गाव आधीपासून आहे, नळ आहे, शाळा आहे, एसटी स्टँड आहे, तिथल्या बांधलेल्या घरात जाऊ. डोंगरावर नवा दगड हलवायचा नाही.

२० जुलै, रविवार

भोरला जाऊन आलो. मुद्दाम एसटीनं. नीरेला पाणी चढलेलं होतं. गावठाणातलं एक जुनं घर, खाली दोन खोल्या, वर एक, मागे छोटी पडवी. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी आडनाव विचारायच्या आधी सईला 'वाचायला आवडतं का' विचारलं. इथून रोहिडा जवळ, रायरेश्वरला कोर्ल्यातून जाता येतं, वरंध घाट पलीकडेच. पाऊस इतका होता की एकही डोंगर दिसला नाही.

भाडं ऐकून समीर पटकन 'हो' म्हणणार होता, पुण्याच्या मानानं ते फारच कमी आहे. मी त्याचा हात धरला. आधी इथे कोण राहायचं ते विचारलं. तालुक्याच्या दवाखान्यातली एक नर्स, बदली होऊन गेली. नव्या येणाऱ्या नर्सताईंनीही घर बघितलंय, पण त्यांना एवढं भाडं जड जातंय, असं मालकीणबाईंनी साधेपणानं सांगितलं.

आम्ही दोन दिवसांनी कळवतो म्हणालो. परतीच्या गाडीत सई झोपली. मालकीणबाईंच्या भावाचं वरच्या आळीत एक घर आहे, चार वर्षं बंद, कौलं उतरवून परत घालावी लागतील. बुधवारी ते बघायला जाणार आहे. नर्सताईंना खालचं घर त्यांना झेपेल अशा भाड्यात मिळतं का, हेही मालकीणबाईंना फोन करून विचारायचं आहे.