बुधवारी निघालो, बुधवारीच पोचलो

कोथरूड ते मुंबई विमानतळ, साधारण दीडशे किलोमीटर, वेळ पाच तास. त्यातला दीड तास बोरघाटात एका कंटेनरच्या मागे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर, वेळ सोळा तास. मधे कुठे थांबणं नाही. पहिल्या टप्प्यानेच मी जास्त दमले होते.

दुपारी अडीचला विमान सुटलं. मला वाटलं होतं, अमेरिका पश्चिमेला, म्हणजे आधी अरबी समुद्र लागणार. पण समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान निघालं थेट नागपूरच्या दिशेने! पुढे म्यानमार, चीन, जपान आणि मग नुसतं निळं पाणी. जपान सोडल्यावर वेग दिसला ताशी 1,080 किलोमीटर. नवरा म्हणाला, "वारा पाठीशी आहे." नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वैमानिक ते मुद्दाम गाठतात. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढलं, तरी वेळ वाचला. एसटीने लांबच्या रस्त्याने जाऊन लवकर पोचावं, तसंच हे.

आमचं विमान तर असं लांबून गेलं, मग सुरुवातीला सांगितलेले ते साडेतेरा हजार किलोमीटर कुठले? ते मुलाच्या घरी कळलं. नातीच्या पृथ्वीगोलावर आम्ही मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला. दोरा हिमालय ओलांडून सायबेरियात शिरला, आर्क्टिक महासागरावरून अलास्कात उतरला आणि कॅनडावरून खाली आला. "आजी, एवढं उलटं का जायचं?" नातीचा प्रश्न. उलटं नाही गं, सर्वांत जवळचा रस्ता तोच. भिंतीवरचा सपाट नकाशा आपल्याला फसवतो. दोरा काढून मोजला तर जेमतेम 32 सेंटीमीटर, दीड वीतही नाही.

या रस्त्यानं विमान तंतोतंत जात नाही, त्याला कारणं आहेत. तिबेटचं पठार वैमानिक शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झटकन खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो. खाली पठारच एवढं उंच, तर उतरणार कुठे?

खरा घोळ झाला माझ्या बीपीच्या गोळीचा. बुधवारी सकाळी सातला पुण्याच्या वेळेने घेतली होती. उतरलो तेव्हा तिथे बुधवारचे संध्याकाळचे सहा, आणि मी न बदललेल्या मनगटी घड्याळात साडेसहा, गुरुवारची सकाळ! गोळ्यांच्या डबीत 'गुरु' लिहिलेला कप्पा उघडावा की नाही, यावर सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून आमची चर्चा. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "आई, वार सोड, चोवीस तास मोज." गुरुवारची गोळी बुधवारी संध्याकाळी पोटात गेली.

परतताना तोच वारा तोंडावर, म्हणून सतरा तासांच्या वर लागले. शनिवारी रात्री नऊला बसलो, सोमवारी पहाटे अडीचच्या सुमारास मुंबईत उतरलो. रविवार अख्खा विमानात गेला, तोही खिडक्या बंद करून.

बाहेर टॅक्सीवाल्याला विचारलं, "पुण्याला किती वेळ?"

"घाट मोकळा असला तर साडेतीन तास, ताई."