कागदाचं चिलखत, पावसाळा आणि न वाळणारं रेझिन : माझा अनुभव

पुण्यात जून ते सप्टेंबरमध्ये कोणी कागदाच्या चिलखतावर रेझिन (लावल्यावर जमून कडक होणारं पातळ चिकट रसायन) लावणार असेल तर सगळ्यात आधी कागद वाळवा. हाताला कोरडा लागतो म्हणून कोरडा आहे असं धरू नका. एवढं एक वाक्य मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर माझे नऊ दिवस वाचले असते, आणि त्या नऊ दिवसांची आठवण आली की अजून चिडचिड होते म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

झालं असं की २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसणार होते आणि आमच्या पेठेतल्या मंडळाने जिवंत देखावा ठरवला, मराठेशाहीतला प्रसंग, त्यात माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र असे दोन सरदार. भाड्याने मिळतात ती चिलखतं बघून आलो तर चकचकीत कापडावर टिकल्या लावलेल्या. मला ते अजिबात पटलं नाही. मी कागदाची खेळणी, मॉडेलं खूप वर्षं करते, म्हणून म्हटलं मी करून देते. केळकर संग्रहालयात जाऊन जुनी चिलखतं नीट बघितली आणि चारआयना करायचा ठरवला. चारआयना म्हणजे चार पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन बगलेखाली, पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. कागदात करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही कारण प्रत्येक पत्रा वेगळा सुटा राहतो आणि बिघडला तर तेवढाच परत करता येतो. दोघांचे मिळून आठ पत्रे, दोन शिरस्त्राणं, चार दस्ताने, एकूण चौदा नग.

कागदाचं काम छान झालं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेपाकुरा डिझायनर नावाचं जपानी सॉफ्टवेअर आहे, ते थ्रीडी मॉडेल उलगडून सपाट तुकडे करून देतं, ते २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटवर छापायचे, कापायचे, घड्या घालायच्या, चिकटवायचे. कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून आणली. अडीच आठवडे रोज रात्री बसले आणि ३ ऑगस्टला चौदाही नग तयार. फक्त शिरस्त्राणाचं माप घेताना डोक्याचा घेर मोजून थांबू नका, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची रुंदीसुद्धा मोजा, आणि आत स्पंज येणार आहे तो धरून दोन सेंटीमीटर जास्त ठेवा.

आता कागद कितीही जाड घेतला तरी तो कागदच, दहा दिवस रोज घालायचा, घाम येणार, पोरं धक्के मारणार, त्यामुळे तो कडक करणं भागच. पद्धत सगळीकडे सारखीच आहे, बाहेरून पातळ रेझिन, मग आतून फायबरची मॅट (काचेच्या तंतूंची चादर) आणि रेझिन, मग बाहेरून पुट्टी, घासकाम, प्रायमर, रंग. दुकानातून चार किलो पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्टची बाटली (रेझिन लवकर जमावं म्हणून घालतात), हार्डनरची बाटली (त्यानेच रेझिन कडक होतं) आणि ३०० जीएसएमची मॅट आणली. दुकानदाराला विचारलं प्रमाण किती, तर म्हणाला, "झाकणभर टाका, चोवीस तासांत दगड होतो." मी विश्वास ठेवला.

७ ऑगस्टला गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली मी दोन्ही शिरस्त्राणांना आणि सहा पत्र्यांना पहिला हात मारला. बाहेर पावसाची झड लागलेली. आठही नग एकदम केले ही पहिली चूक, आधी एका छोट्या तुकड्यावर करून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर सगळं गुळाच्या पाकासारखं चिकट, बोट लावलं की तार यायची. म्हटलं दमट हवा आहे, थांबू. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी एक शिरस्त्राण स्वतःच्याच वजनाने बसलं, गोल होतं ते लंबगोल झालं, कारण रेझिन पिऊन कागद मऊ पडलेला आणि कडक काही झालंच नव्हतं. मला रडू आलं खरंच. त्या एका शिरस्त्राणाचे एकशे चाळीस तुकडे होते.

ज्याला विचारलं तो एकच सांगायचा, हार्डनर वाढव. परत दुकानात गेले तर तिथेही तेच, "जास्त टाका ना मग." मी दुप्पट टाकला. उरलेलं रेझिन कपात होतं ते दहा मिनिटांत एवढं तापलं की कप वाकडा झाला आणि धूर यायला लागला, धावत जाऊन गच्चीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर ठेवलं. आणि पत्र्यावर लावलं होतं त्याचा वरचा पापुद्रा कडक पण खाली तसंच चिकट. एकाने सांगितलं पावडर मार, चिकटपणा जातो. एका पत्र्यावर मारली, हाताला कोरडं लागायला लागलं, आनंदाने त्यावर रंगाचा एक फवारा मारून बघितला तर तासाभरात रंगाला सुरकुत्या पडून सोलून आला. म्हणजे चिकटपणा फक्त झाकला गेला होता. हे करू नका, खाली कच्चं राहिलेलं रेझिन वरचं सगळं घेऊन येतं. मग हेअर ड्रायर झाला, पंखा झाला. खाली आईला स्वयंपाकघरात वास येत होता, ती रोज विचारायची अजून किती दिवस. मंडळाचे काका रोज संध्याकाळी विचारायचे, "झालं का गं? नाहीतर भाड्याचं सांगून ठेवतो." त्यांचं बरोबर होतं, पण ते ऐकून जीव नुसता वर-खाली व्हायचा.

१५ ऑगस्टला भाऊ म्हणाला की आपली गाडी ज्यांनी रंगवली त्या पेंटरदादांना दाखवू, ते बंपर दुरुस्त करतात म्हणजे फायबर रोज हाताळतात. एक पत्रा पिशवीत घालून घेऊन गेलो. त्यांनी हातात घेतला, नख दाबलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, हार्डनर मोजून टाकता का अंदाजाने?"

मी म्हटलं झाकणाने.

"आणि कागद कुठे ठेवलेला?"

गच्चीवर, शेडखाली.

"मग कसं वाळणार? कागद हवेतलं पाणी पितो. ओल्या वस्तूवर हे धरतच नाही."

त्यांनी अर्धा तास बसवून जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. रेझिन रंगासारखं उडून वाळत नाही, ते आतल्या आत जमतं आणि जमताना स्वतःची उष्णता तयार करतं. जाड थरात किंवा कपात ती उष्णता साठते म्हणून पटकन जमतं, कागदावरच्या पातळ थरात ती निघून जाते म्हणून वेळ लागतो. त्यात कागदातला दमटपणा आणि ऑगस्टची गार हवा. शिवाय हवा लागते त्या वरच्या पृष्ठभागावर पॉलिएस्टर थोडं चिकट राहतंच, ते नॉर्मल आहे, ॲसिटोनने पुसलं किंवा घासलं की जातं. फरक ओळखायला नखाची परीक्षा. वर चिकट पण नख रुतत नाही तर ठीक आहे, पुढे जा. नख रुतलं तर कच्चं आहे, त्यावर काहीही चढवू नका. माझं नख सगळीकडे रुतत होतं.

प्रमाण म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला दीड ते दोन ग्रॅम हार्डनर, आणि ते मोजूनच. मी छोटा डिजिटल वजनकाटा आणला आणि हार्डनरसाठी मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज. एका वेळी १०० ग्रॅमच्या वर कालवायचं नाही. आणि एक गोष्ट दादांनी तीनदा बजावली ती मीही बजावते, कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर. दोन्हीच्या बाटल्यासुद्धा लांब लांब ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावाच. दुकानात मला यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं, ज्वालाग्राही विषारी माल विकताना दोन मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

मग वाचवायचं काम. बसलेलं शिरस्त्राण सोडून दिलं, बाकी सात नगांवरचं कच्चं रेझिन जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं, ॲसिटोनने पुसलं, आणि शेडमध्ये दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवून जरा लांबून १०० वॉटचे जुने पिवळे बल्ब लावले. दोन दिवसांत नख रुतायचं थांबलं. त्यावर मोजून कालवलेला एक पातळ हात दिला, तो संध्याकाळपर्यंत टणक. मी त्या पत्र्यावर टिचकी मारली आणि आवाज आला तेव्हा इतकं बरं वाटलं की भावाला खालून हाक मारून वर बोलावलं.

राहिलेल्या कोऱ्या नगांसाठी फ्रिजचं मोठं खोकं घेतलं, त्यात वर बल्ब टांगला, पुठ्ठ्यापासून वीतभर लांब, आणि नग तीन तास आत ठेवून गरम गरमच बाहेर काढून लगेच रेझिन लावलं. खोक्यात फक्त कोरा कागद ठेवायचा हं, रेझिन लावलेला ओला नग बंद खोक्यात बल्बखाली ठेवला तर आग लागेल. नवीन शिरस्त्राण दोन रात्री जागून परत केलं आणि या वेळी आतून पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, बाहेरचा थर कडक झाल्यावर काढून टाकल्या. एक मिलिमीटरही हललं नाही.

मास्कचं राहिलं. कोविडचा मास्क या वासाला काहीच कामाचा नाही, केमिकलच्या वाफेची कार्ट्रिज असलेला हाफ मास्क घ्या, मी पहिले चार दिवस साधा लावून डोकं धरून बसत होते.

आतली मॅट कात्रीने न कापता हाताने तळहाताएवढे तुकडे फाडून लावा, फाटलेल्या कडा एकमेकांत मुरतात आणि गोलाईवर बसतात. ब्रशने ओढायचं नाही, टोचत टोचत बसवायचं म्हणजे हवा निघते. एक थर पुरतो, मला शिरस्त्राणाच्या कडेला फक्त दोन द्यावे लागले. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, फायबरची कुसळं दोन दिवस खाजतात.

पुट्टी, घासणं, रंग हे सगळं पाच दिवसांत झालं. गाड्यांची पुट्टी घ्या, सोबत हार्डनरची पेस्ट येते, भिंतीची घेऊ नका, ती तडकते. ग्लूगनचे गोळे पुट्टी भरायच्या आधी ब्लेडने कापून टाका, ते घासले जात नाहीत, नुसते उठून येतात. ८० नंबरच्या घासपेपरने सुरुवात, मग १२०, २२०, आणि प्रायमर मारल्यावर ४०० चा पाण्याचा पेपर. प्रायमर मारला की जे खड्डे दिसत नव्हते ते सगळे दिसतात, घाबरू नका, परत पुट्टी. खालून काळा रंग, त्यावर चंदेरी जवळजवळ कोरड्या ब्रशने, आणि खाचांमध्ये तपकिरी बूटपॉलिश फडक्याने भरून पुसून घेतलं, त्याने चंदेरीचा नवेपणा जाऊन जुन्या पोलादाची कळा येते. रिव्हेटसाठी तुळशीबागेतून अर्ध्या मोत्यांचं पाकीट आणून रंगाच्या आधी चिकटवले. पट्टे खऱ्या चामड्याचे लावले, तिथे तडजोड केली नाही.

२५ तारखेला रात्री चौदा नग मंडळात नेऊन दिले. काकांनी छातीचा पत्रा हातात घेऊन बोटांनी वाजवला आणि म्हणाले, "लोखंडाचा केला का काय?" दहा दिवस दोघांनी रोज घातलं. एकदा भावाच्या हातून शिरस्त्राण मांडवाच्या फळीवर पडलं, एका कडेचा रंग गेला, बाकी काही नाही. पेंटरदादा घरच्यांना घेऊन देखावा बघायला आले होते, मी त्यांना मांडवाच्या मागे नेऊन सगळं हातात दिलं, त्यांनी प्रत्येक पत्र्यावर आधी नख दाबून बघितलं.

भावाच्या डाव्या बगलेचा पत्रा, पहिल्या फेरीतला, आतून एका कोपऱ्यात शेवटपर्यंत जरासा चिकट होता, त्यावर कापड लावून निभावलं. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर तो गच्चीवर ठेवला, दोन दुपारींत टणक झाला. काकांना सांगून मंडळाच्या वहीत लिहून घेतलंय की पुढच्या देखाव्याचं रेझिनचं काम मे महिन्यातच उरकायचं.