कवडसा गोलच का?

आज दुपारी आजोळी माजघरात आडवी झाले होते, लाइट गेलेले, दारं लोटलेली, आणि सरकलेल्या कौलाच्या फटीतून एक कवडसा थेट जमिनीवर. भाची म्हणाली, मावशी फट तर वेडीवाकडी आहे मग हा गोल कसा? मी लहानपणापासून बघतेय हो कवडसे, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता मला!

मग उठून पांढरा कागद उन्हाला समोर धरला. जमिनीवर लांबट दिसणारा कवडसा कागदावर एकदम गोल झाला, फटीपासून साधारण दहा फुटांवर, पट्टीने मोजला तर जेमतेम तीन सेंटीमीटर. तो फटीचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे! सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब, म्हणून चित्रही अंतराच्या १०८व्या भागाएवढं. पिनहोल कॅमेरा, म्हणजे नुसतं बारीक भोक पाडलेला डबा, अगदी असाच चालतो, भिंग नाही काही नाही.

तेवढ्यात ढग आला आणि कागदावरच्या त्या गोलावरून एक करडी कड हळूहळू सरकायला लागली, पण उलट्या बाजूने, कारण प्रकाश सरळ रेषेत येतो आणि फटीत किरण एकमेकांना ओलांडतात. भाचीने श्वास रोखून बघितलं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आंब्याखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले आठवले, तेव्हा फोटो काढला होता पण कारण कळलं आज.

मामा उद्या कौल सारखं करणार म्हणतोय, म्हटलं पावसाच्या आधी कर, पण अजून दोन दिवस राहू दे रे.